मार्को पोलोच्या आधीचा पास्ता

मार्को पोलोने चीनमधून पास्ता इटलीत आणला, ही गोष्ट आपण सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलेली असते. ती लक्षात राहते, म्हणून वर्गात सांगितलीही जाते. पण इतिहासातले विधानही प्रयोगातल्या विधानासारखेच तपासून घ्यावे लागते. त्यासाठी आधी सनावळी पाहू.

मार्को पोलो १२७१ मध्ये व्हेनिसहून निघाला आणि १२९५ मध्ये परतला. जिनोव्हा शहरातील एका नोटरीने १२७९ मध्ये एका सैनिकाच्या मालमत्तेची यादी केली होती. तीत साठवलेल्या मॅकरोनीची नोंद आहे. म्हणजे प्रवासी परतण्याच्या १६ वर्षे आधीच पदार्थ इटलीत हजर होता. आणि मालमत्तेत धरला गेला, त्या अर्थी तो वाळवलेला, टिकाऊ असणार. त्याही आधी, ११५४ मध्ये, भूगोलज्ञ अल्-इद्रिसी याने सिसिलीच्या राजासाठी ग्रंथ लिहिला. पालेर्मोजवळच्या त्राबिया गावी ‘इत्रिया’ नावाचा शेवयांसारखा पदार्थ मोठ्या प्रमाणावर तयार होतो आणि जहाजे भरून परमुलखात जातो, असे त्यात म्हटले आहे.

मग ही गोष्ट आली कुठून? अमेरिकेतील मॅकरोनी उत्पादकांच्या एका मासिकात १९२९ मध्ये ती छापली गेली आणि तिथून तिचा खूप प्रसार झाला. चीनमध्ये नूडल्स प्राचीन काळापासून आहेत, हे खरेच. लाजिया येथे उत्खननात मिळालेल्या सुमारे ४००० वर्षांपूर्वीच्या नूडल्सचे वर्णन २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. पण एक गोष्ट दुसरीच्या आधीची आहे, एवढ्यावरून पहिलीतून दुसरी निघाली असे ठरत नाही.

सिसिलीत हा धंदा वाढला, त्याचे एक कारण तिथल्या गव्हात आहे. ड्युरम गव्हाचा दाणा कठीण असतो. दळल्यावर त्याचा पिवळसर रवा पडतो. आपल्याकडचा बन्सी गहू याच जातीचा, आणि शेवयांसाठी तो का निवडतात हे गृहिणींना चांगले ठाऊक असते. रवा पाण्यात मळला की त्यातील प्रथिनांचे, म्हणजे ग्लुटेनचे, जाळे तयार होते आणि स्टार्चचे कण त्यात अडकून राहतात. ऊन आणि समुद्रावरचा वारा यांत वाळवलेला असा पास्ता महिनोन् महिने टिकतो. उकळताना स्टार्च पाणी शोषून फुगतो, पण जाळे घट्ट असल्याने पास्त्याचा लगदा होत नाही.

शिजवण्याची रीत मात्र बदलत गेली. पंधराव्या शतकातला आचारी मार्तिनो सिसिलीची मॅकरोनी दोन तास उकळायला सांगतो! आज आठ-दहा मिनिटांत, दाताला किंचित लागेल अशी असतानाच ती उतरवतात. लसूण, ऑलिव्ह तेल आणि सुकी लाल मिरची एवढ्यावर होणारी स्पॅगेटी आज अस्सल इटालियन मानली जाते. तीत पास्ता शिजवलेले थोडे पाणी घालतात. त्यातील स्टार्चमुळे तेल आणि पाणी चटकन वेगळी होत नाहीत आणि मसाला पास्त्याला धरून राहतो.

या साध्या पदार्थातली मिरची अमेरिका खंडातली. कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीनंतर ती युरोपात पोहोचली. गोव्यात ती पोर्तुगीजांबरोबर आली. टोमॅटोही तिकडचाच. नेपल्समध्ये १६९० च्या दशकात छापलेल्या लातिनीच्या पाकग्रंथात टोमॅटोची चटणी आहे, पण ती पास्त्यासाठी नव्हे. कावाल्कांती याने टोमॅटो घातलेल्या शेवया लिहिल्या त्या १८३९ मध्ये. अल्-इद्रिसीच्या नोंदीपासून तिथवर जवळजवळ सात शतके लोटली होती.

वर्गात एक करून पाहता येईल. मुलांना आपापल्या घरचा एखादा ‘परंपरागत’ पदार्थ निवडू द्यावा, त्यातील जिन्नसांची यादी करू द्यावी आणि प्रत्येक जिन्नस मुळात कुठला, आपल्याकडे केव्हा आला, हे शोधू द्यावे. प्रत्येक उत्तरापुढे ‘हे कशावरून?’ असा एक रकाना ठेवावा. तो रिकामा राहिला तर राहू द्यावा. ऐकीव गोष्टीने भरू नये.