जकातनाका, घरपट्टी आणि झाडूवाल्याची खोली



या वसंत व्याख्यानमालेत विद्वानांनी बोलावे अशी रीत आहे. माझे शिक्षण युनियनच्या कचेरीत, कायद्याची पुस्तके उसनी आणून झाले. त्यामुळे आज मी निजामशाहीच्या किल्ल्याविषयी किंवा चांदबिबीविषयी बोलणार नाही, ते काम इतरांनी उत्तम केले आहे. मला बोलायचे आहे ते आपल्या नगरपालिकेच्या जमाखर्चाविषयी. हा विषय कोरडा वाटेल खरा, पण कोणाच्या पैशातून कोणाची गटार बांधली गेली हे कळल्याखेरीज गावाचा इतिहास अर्धाच कळतो असे माझे मत आहे.

आपल्या नगरची नगरपालिका 1854 साली स्थापन झाली. त्यापूर्वी चारच वर्षे, 1850 साली, सरकारने एक कायदा केला होता. त्याची गंमत अशी की, तो गावावर लादायचा नव्हता. गावानेच अर्ज करून तो मागून घ्यायचा होता. म्हणजे 'आमच्यावर कर बसवा' असे गावकऱ्यांनी आपण होऊन म्हणायचे! असे म्हणणारे लोक अर्थातच गावातले प्रतिष्ठित असत. एकदा कर बसवायचे ठरले की कोणता बसवायचा हा प्रश्न येई. घरपट्टी बसवली तर ती वाड्यांच्या मालकांना पडते. जकात बसवली तर ती धान्य, तूप, साखर, सरपण अशा वेशीतून आत येणाऱ्या जिनसांवर पडते आणि शेवटी शेरभर ज्वारी घेणाऱ्याच्या खिशातून निघते. मुंबई इलाख्यातील बहुतेक नगरपालिकांनी मुख्य भिस्त जकातीवर ठेवली. त्यात नवल ते काय? ठरवणारे घरमालक होते.

1882 साली लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा ठराव आला, 1884 च्या कायद्याने निवडून आलेल्या सभासदांना जागा मिळाल्या. परंतु मताचा अधिकार कर आणि मालमत्ता यांना जोडलेला राहिला. भाड्याच्या खोलीत राहणारा हातमागवाला जकात रोज भरत होता, ती त्याच्या सुतात आणि भाकरीत मुरलेली होती. पण ती भरल्याची पावती त्याच्या नावावर फाटत नसे, आणि म्हणून त्याला मत नसे. प्रौढ मतदानाचा हक्क सर्वांना मिळायला स्वातंत्र्य यावे लागले. इतक्या वर्षांत गावात नळ कोणत्या आळीत आधी गेला आणि कोणत्या आळीत शेवटी, हे ज्याचे त्याने आपल्या आजीला विचारून पाहावे.

आता घरपट्टीचे पाहू. घरपट्टी बसे ती घराच्या वार्षिक भाड्यावर, म्हणजे ते घर भाड्याने दिल्यास वर्षाला काय येईल या हिशेबावर. 1947 साली मुंबईचा भाडेनियंत्रण कायदा झाला आणि जुन्या वाड्यांची भाडी गोठली. कामगार भाडेकरूंना त्याने खरोखर वाचवले. त्या कायद्याविरुद्ध मी एक शब्द बोलणार नाही. पण त्याचा एक परिणाम आमच्याही ध्यानात उशिरा आला. भाडे गोठले की करपात्र मूल्यही गोठले. कायद्याने ठरणाऱ्या भाड्यापेक्षा अधिक मूल्य धरता येणार नाही, असे 1979 साली सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले. तेव्हा भर बाजारपेठेतला वाडा थोडक्या करात राहिला, आणि गावाबाहेर कर्ज काढून दोन खोल्या बांधणाऱ्या नोकरदाराच्या माथी नव्या दराची पट्टी आली. हा अन्याय कोणी मुद्दाम ठरवून केला नाही. दोन चांगले कायदे एकमेकांना न विचारता चालले की असे होते.

याच काळात सफाई कामगारांच्या घरांचा प्रश्न सरकारदरबारी आला. मुंबई सरकारने 1949 साली बर्वे समिती नेमली. मैला वाहणाऱ्यांचे जिणे कसे आहे ते तिने पाहिले. 1952 साली केंद्र सरकारची औद्योगिक कामगारांसाठी घरबांधणीची योजना सुरू झाली, परंतु ती कारखान्यातल्या कामगारांकरिता. पालिकेचा झाडूवाला कारखान्यात नव्हता. त्याला मिळाली ती पालिकेची चाळ, आणि ती नोकरीला बांधलेली. नोकरी संपली की खोली संपली. पुढे लाड-पागे समितीच्या शिफारशींवरून वारसाला नोकरी देण्याची पद्धत आली. लोक म्हणतात, ही माणसे पोरांच्या हातीही झाडूच का देतात? मी या चाळींतून तीस वर्षे हिंडलो आहे. दहावी पास झालेला मुलगा बापाचा झाडू हाती घेतो तो पगाराकरिता घेतोच, पण त्याहून अधिक खोलीकरिता घेतो. झाडू सोडला तर आजीला, आईला घेऊन जायचे कोठे?

2008 साली राज्य सरकारने श्रमसाफल्य आवास योजना काढली. पंचवीस वर्षे सेवा झालेल्या सफाई कामगाराला मालकीचे घर मिळावे, अशी ती योजना. कागदावर ती चांगलीच आहे. पण घराला जागा लागते, आणि इथे गोष्ट पुन्हा जमाखर्चावर येते.

शहराच्या विकास आराखड्यात शाळा, बाग, गरिबांची घरे यांसाठी जमिनी राखून ठेवतात. 1966 च्या नगररचना कायद्याचे 127 वे कलम असे की, दहा वर्षांत पालिकेने ती जमीन घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि ठरलेल्या मुदतीत पालिका हलली नाही तर आरक्षण आपोआप उठते. ही मुदत पूर्वी सहा महिने होती, मग बारा झाली, 2015 पासून चोवीस आहे. मालकाची जमीन वर्षानुवर्षे मोबदल्यावाचून अडकवून ठेवू नये हे मलाही मान्य आहे. परंतु मोबदला द्यायला पैसा हवा. सभागृहात कोणी हात वर करून 'गरिबांची घरे नकोत' असे म्हणत नाही. नुसते दोन वर्षे गप्प बसले की काम होते.

पैसा का नाही? 1999 साली राज्याने नगरपालिकांची जकात बंद केली. मी तेव्हा तिशीच्या आत होतो. जिल्ह्यातल्या एका गावच्या नाक्यावरचा कारकून शेवटच्या रात्री पावतीपुस्तक मिटून मला म्हणाला, "भाऊ, उद्यापासून पगार मुंबईहून येणार." त्याला ते चांगले वाटले होते. मलाही वाटले. जकात गरिबावरचा कर, ती गेली याचा आनंदच होता. तिच्या जागी सहायक अनुदान आले. 2003 साली आपल्या शहराची महानगरपालिका झाली. महानगरपालिकांना मग जकातीऐवजी स्थानिक संस्था कर आला, 2015 मध्ये तो बहुतेक व्यापाऱ्यांना माफ झाला, आणि 2017 साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा राज्याने दरसाल आठ टक्के वाढीने भरपाई देण्याचा कायदा केला. एकोणिसाव्या शतकात वेशीवर गोळा होणारा पैसा आता हप्त्याने येतो. तो पगारात जातो. जमीन घ्यायची तर घरपट्टी वसूल व्हावी लागते. आणि मोठ्या थकबाकीदाराच्या दारात जप्तीचे पथक नेण्यापेक्षा दर वर्षी शास्तीत सवलत जाहीर करणे सोपे असते. वेळेवर भरणारा बिचारा ती जाहिरात वाचत बसतो.

जमिनीचा निर्णय वेगळ्या तऱ्हेने होऊ शकतो, हे पाहायला लांब जावे लागत नाही. आपल्याच तालुक्यातल्या हिवरे बाजारला 1989 साली पोपटराव पवार सरपंच झाले. त्यानंतर ग्रामसभेने ठरवले की शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही, ऊस आणि केळी लावायची नाही, मोकाट गुरे चारायची नाहीत, गावची जमीन बाहेरच्याला विकायची नाही. बोअर खणण्याची ऐपत असणाऱ्यांनीही तिथे हात वर केले. ते गाव लहान आहे, आणि चावडीवर बसले की सर्वांची विहीर सर्वांना दिसते, हे मी जाणतो. पण 1850 च्या कायद्यातही मागणी गावाचीच होती. मागणारे कोण, एवढाच फरक.

गेल्या वर्षी एका चाळीत सभा झाली. मी योजनेचा अर्ज वाचून दाखवत होतो. निवृत्तीला दोन वर्षे राहिलेल्या एका बाईंनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "दादा, घर मिळेल तवा मिळेल. पण पोराला तोवर कामाला लावू का साळंत ठेवू, ते सांगा." अर्जात तो रकाना नव्हता. मी त्यांना पुढच्या आठवड्यात येतो म्हणून सांगितले, आणि गेलो तेव्हा मुलगा पहाटेच्या पाळीवर होता.