धोकटीतला दगड

बारा बलुतेदारांविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. कुंभाराचे चाक आणि लोहाराचा भाता शाळेच्या पुस्तकापर्यंत पोहोचले. न्हाव्याच्या धोकटीत मात्र फारसे कुणी डोकावले नाही. संत सेना महाराजांनी आपल्या धंद्याच्या हत्यारांतून एक अख्खा अभंग उभा केला. त्यात आरसा आहे, चिमटा आहे, नखे काढणे आहे. पण ज्या दगडावर सगळा धंदा चाले, तो त्यातही नाही. आज मी त्या दगडाबद्दल बोलणार आहे. कुणी त्याला पथरी म्हणे, कुणी निसणा.

माझ्या डोळ्यांसमोर गाव आहे ते शिरड शहापूर. औंढा नागनाथ तालुक्यातले, मल्लिनाथाच्या दिगंबर जैन मंदिरामुळे दूरवर ठाऊक असलेले. (दिगंबर मुनी केशलोच करतात, म्हणजे केस हाताने उपटून काढतात, त्यांच्या डोक्याला वस्तरा लागत नाही. बाकी सगळ्या गावाला लागे.) जावळ असो, मुंज असो की दहाव्याचे क्षौर, न्हाव्यावाचून अडत असे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता, पुढे परभणी जिल्ह्यात आणि १९९९ पासून हिंगोली जिल्ह्यात. राज्ये बदलली तरी बलुत्याची रीत बराच काळ तीच राहिली. वर्षभर हजामती करायच्या आणि सुगीला खळ्यावर जाऊन आपल्या वाट्याची ज्वारी आणायची.

इथेच दगडाचा प्रश्न येतो. ज्वारी घरात यायची, रोकड नाही. वस्तरा आणि पथरी या मात्र रोकड मोजून घ्यायच्या वस्तू. मग नवशिक्या पोराने दगड आणायचा कुठून? बापाचा, नाहीतर चुलत्याचा. भावाभावांत वाटणी झाली, तर वस्तरे वाटून घेता येत. दगड एकच असे.

कुणी म्हणेल, मराठवाड्यात दगडाला काय तोटा? खरे आहे. आपली सारी जमीन काळ्या पाषाणावर बसलेली आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा हा दगड. विळा, कोयता, कुऱ्हाड त्यावर घासली की काम भागते. वस्तऱ्याचे तसे नाही. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा. चांगल्या वस्तऱ्याची धार एका मायक्रॉनहूनही बारीक. काळ्या पाषाणातले कण लहानमोठे असतात. एखादा टणक कण धारेला लागला की तिथे दाता पडतो, आणि तो दाता गिऱ्हाइकाच्या गालाला कळतो. वस्तऱ्याला एकसारख्या, अगदी बारीक कणांचा दगड लागतो, म्हणजे पाटीच्या दगडाच्या जातीचा. तो आपल्या काळ्या पाषाणात मिळत नाही. म्हणून तो बाहेरून आणावा लागे.

शिरडपासून जवळच, वसमत तालुक्यात, कुरुंदा नावाचे गाव आहे. नाव ऐकून वाटेल, कुरुंदाचा दगड तिथे निघत असणार. तसे नाही. आपल्या लाव्हारसाच्या खडकात कुरुंद सापडत नाही. तो तामिळनाडूत सेलमकडे, कर्नाटकात, आणि आपल्या महाराष्ट्रात भंडारा जिल्ह्यात मिळतो. कठीणपणात हिऱ्याच्या खालोखाल त्याचा नंबर. त्याची पूड लाखेत कालवून शिकलगार आणि जवाहिरे आपली चाके बनवीत.

या शब्दाचा प्रवास मला फार गमतीचा वाटतो. संस्कृतात कुरुविंद, तामिळात कुरुंदम. अठराव्या शतकाच्या शेवटी हा दगड विलायतेत गेला. चार्ल्स ग्रेव्हिल यांनी १७९८ मध्ये रॉयल सोसायटीपुढे त्याच्यावर निबंध मांडला आणि इंग्रजीत तो कोरंडम झाला. पुढे १८९१ मध्ये अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचेसन विजेच्या भट्टीत माती आणि कोळसा तापवीत होते. त्यातून निळसर चमकणारे कठीण स्फटिक निघाले. कार्बन आणि कोरंडम एक झाले असावेत, असे समजून त्यांनी नाव ठेवले कार्बोरंडम. ती समजूत चुकीची होती. ते सिलिकॉन कार्बाइड निघाले. पण नाव टिकले. १९५४ मध्ये मद्रासला कार्बोरंडम युनिव्हर्सल ही कंपनी निघाली. दक्षिणेतून गेलेला शब्द शेपूट लावून परत दक्षिणेत आला.

कारखान्यात बनलेला, दोन बाजूंचा करडा दगड बाजारात आला आणि पहिल्यांदाच पथरी गरिबाच्या आवाक्यात आली. पण तो सुरी-कात्रीचा दगड. त्याची बारीक बाजूसुद्धा वस्तऱ्याला जाडच. दाते पडलेला वस्तरा त्याच्यावर सरळ करावा, धार त्याच्यावर संपवू नये. नवशिके नेमके तिथेच फसत. शिरडच्या एका वयस्क कारागिरांना मी विचारले, "काका, पोराला पहिला दगड कोणता घेऊन द्यावा?" ते म्हणाले, "गुरुजी, कोणता बी द्या, पण सपाट द्या. खड्डा पडला का वस्तरा बिघडला."

या उत्तरात सारे शास्त्र आहे. वस्तरा दगडावर आडवा ठेवतात. पाठ आणि धार दोन्ही टेकवून, धार पुढे ठेवून ओढतात. कोन हाताने धरावा लागत नाही, तो पाठीच्या जाडीनेच ठरतो. म्हणून दगड मधे खोल गेला की धारेचा कोन बदलतो, आणि कितीही महाग दगड असला तरी फुकट. जुने लोक दोन दगड पाण्यात एकमेकांवर घासून सपाट करीत. आज काचेच्या तुकड्यावर पॉलिश पेपर ठेवून तेच काम होते. दगडावर पेन्सिलीने चौकडी आखावी आणि सगळ्या रेघा पुसल्या जाईपर्यंत घासावे.

जगात नामांकित दगड आहेत. बेल्जियमच्या आर्देनमधला पिवळा दगड आहे, त्यात गार्नेटचे सूक्ष्म कण असतात. जपानात क्योतोजवळच्या खाणींतले दगड आहेत. अमेरिकेतल्या अर्कान्सासच्या दगडाला शास्त्रज्ञ नोव्हॅक्युलाइट म्हणतात, कारण लॅटिनमध्ये नोव्हॅक्युला म्हणजे वस्तरा. वेल्समध्ये पाटीच्या दगडाचेच निसणे काढीत. सध्या हौसेने उघडा वस्तरा वापरणारी काही तरुण मंडळी या परदेशी दगडांमागे लागतात. माझ्या मते सुरुवातीला त्याची गरज नाही. १००० नंबरचा एक आणि ८००० च्या आसपासचा एक, असे कारखान्यातले दोन दगड आणि शेवटी चामड्याचा पट्टा एवढ्यात दाढी नीट होते. पट्ट्यावर मात्र धार मागे ठेवून ओढायची. उलटे केले तर पट्टाच कापला जाईल. आणि वस्तरा विजेच्या चाकावर कधी देऊ नये. तापून पोलादाचे पाणी उतरते, मग धार टिकत नाही.

गावातून पथरी गेली ती मात्र दगड महाग झाला म्हणून नाही. जिलेट यांनी १९०३ मध्ये अमेरिकेत फेकून द्यायची पाने विकायला सुरुवात केली, तरी न्हाव्याचा वस्तरा पुढे कित्येक दशके चालूच होता. १९८६ मध्ये भारतात एचआयव्हीचे पहिले रुग्ण आढळले, १९९२ मध्ये राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, आणि दर दाढीला नवे पान हा आग्रह खेड्यापर्यंत पोहोचला. अर्ध्या पानाचा वस्तरा आला. तो आग्रह योग्यच होता. रक्तातून पसरणाऱ्या आजारापुढे जुन्या हत्याराचे कौतुक करून चालत नाही. पण धंद्याचा हिशेब बदलला. पूर्वी धार कारागिराच्या मनगटातून निघे, दगड एकदा घेतला की पिढी जाई. आता ती रोज दुकानातून विकत आणावी लागते, आणि तो खर्च दाढीच्या दरातच बसवावा लागतो.

त्या काकांच्या घरी पथरी अजून आहे. मधे बोटभर खोल गेलेली. सूनबाई तिच्यावर विळी घासतात.