नंदुरबार जिल्ह्यातील वनौषधी
नंदुरबार जिल्ह्यातील भिल्ल, पावरा, मावची, कोकणा इ. आदिवासी जमातींच्या नित्याच्या उपचारांतील वन्य वनस्पती. अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील सातपुड्याची जंगले आणि तोरणमाळचे पठार ही त्यांची प्रमुख क्षेत्रे होत. आमांशावर कुड्याची साल, तापात गुळवेल, खोकल्यावर बेहड्याच्या फळाची साल व सांधेदुखीवर मोहाच्या बियांचे तेल वापरतात. सफेद मुसळीचा कंद शक्तिवर्धक मानतात. पावसाळ्यात टाकळ्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी करतात. हे ज्ञान मौखिक असून ते वडीलधाऱ्या स्त्री-पुरुषांकडून पुढील पिढीकडे येते. त्यामुळे जंगलातील वावर हाच त्याचा आधार होय. १८७८ च्या भारतीय वन अधिनियमाने राखीव जंगले निर्माण झाली आणि परंपरागत हक्काला सवलतीचे रूप आले. सरदार सरोवरामुळे नर्मदाकाठची ३३ गावे बाधित झाली. तळोदा, शहादा भागांतील सपाटीवर वसविलेल्या विस्थापितांना शेतजमीन मिळाली, तरी परिचित झाडाझुडपांचे सान्निध्य अंतरले. पंचायत उपबंध विस्तार अधिनियम (१९९६) व वनहक्क अधिनियम (२००६) यांनी गौण वनोपजावरील स्थानिकांची मालकी मान्य केली. मात्र हक्क परत मिळाला, तरी खंडित झालेला परिचय कायद्याने जुळत नाही.