दीर्घकालीन थकव्याची जैविक कारणे : शोधाचा इतिहास आणि पूर्व विदर्भाचा संदर्भ

प्रस्तावना

भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातील सानगडी हे धानाच्या पट्ट्यातील गाव आहे. या पट्ट्यात रोवणीच्या हंगामात स्त्रिया दिवसभर चिखलात वाकून काम करतात. या श्रमाने येणारा थकवा झोपेने उतरतो. तो आजार नव्हे. परंतु सहा महिन्यांहून अधिक काळ टिकणारा, विश्रांतीने न हटणारा आणि अल्पशा श्रमानेही बळावणारा थकवा ही निराळी बाब होय. परिश्रमावाचून येणाऱ्या थकव्यासाठी सुश्रुतसंहितेत ‘क्लम’ ही स्वतंत्र संज्ञा आहे. आधुनिक वैद्यकाने मात्र ‘क्रॉनिक फटीग सिंड्रोम’ अर्थात दीर्घकालीन थकवा लक्षणसमूह हे नाव १९८८ मध्ये निश्चित केले. या थकव्याचे कारण शरीरात शोधावे की मनात, या प्रश्नाचा इतिहास तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मुंबईतील शोध

थकव्यामागील जैविक कारण सापडल्याचे एक महत्त्वाचे उदाहरण मुंबईचे आहे. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयाशी संबंधित असलेल्या डॉ. लूसी विल्स १९२८ मध्ये भारतात आल्या. मुंबईच्या हाफकिन संस्थेत राहून त्यांनी गरोदर स्त्रियांमधील तीव्र रक्तक्षयाचा अभ्यास आरंभिला. रुग्णांत गिरणीत काम करणाऱ्या गरीब स्त्रियांचा समावेश होता. या रक्तक्षयाने स्त्रिया क्षीण होत आणि काही दगावतही. विल्स यांनी प्रथम जंतुसंसर्गाची शक्यता पडताळली. ती टिकली नाही, तेव्हा त्यांनी आहाराकडे लक्ष वळविले. मार्माइट नावाच्या यीस्टच्या स्वस्त अर्काने या स्त्रिया बऱ्या होतात, हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातील उपयुक्त घटक म्हणजेच पुढे १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून वेगळे केलेले फॉलिक आम्ल होय. विल्स यांनी उपचार सिद्ध केला तेव्हा या घटकाचे नावही कोणास ठाऊक नव्हते. प्रयोगशाळेला उत्तर सापडले नाही म्हणून त्यांनी रुग्णाची तक्रार खोटी मानली नाही, ही बाब येथे लक्षणीय आहे.

लंडनमधील साथ आणि ‘उन्मादा’चा निष्कर्ष

त्याच रॉयल फ्री रुग्णालयात १९५५ च्या जुलै महिन्यात एक अनाकलनीय साथ आली. सुमारे ३०० कर्मचारी आजारी पडले आणि रुग्णालय काही काळ बंद ठेवावे लागले. स्नायूंची वेदना, चक्कर व दीर्घकाळ न हटणारी ग्लानी ही तिची लक्षणे होती. १९५६ मध्ये ‘लॅन्सेट’ने या आजारासाठी ‘मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस’ ही संज्ञा सुचविली. परंतु १९७० मध्ये मॅकएव्हेडी व बिअर्ड या मानसोपचारतज्ज्ञांनी जुन्या नोंदींच्या आधारे हा सामूहिक उन्माद असल्याचा निष्कर्ष काढला. बाधितांत स्त्रियांचे प्रमाण अधिक असणे हा त्यांच्या युक्तिवादाचा एक आधार होता. रुग्णांची प्रत्यक्ष तपासणी त्यांनी केली नव्हती. साथीच्या वेळी रुग्णांवर उपचार करणारे डॉ. मेल्विन रॅमसे यांनी या मताचा दीर्घकाळ प्रतिवाद केला. तथापि संशयाची छाया या आजारावर अनेक दशके राहिली.

विषाणूंचा शोध व त्याच्या मर्यादा

दुसरी चूक उलट दिशेची होती. एकाच जंतूवर सर्व भार टाकण्याचा मोह संशोधकांना झाला. २००९ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात ‘एक्सएमआरव्ही’ या विषाणूशी आजाराचा संबंध जोडणारा निबंध आला. इतर प्रयोगशाळांत हे निष्कर्ष पुन्हा मिळाले नाहीत. नमुन्यांतील दूषितीकरण उघड होऊन २०११ मध्ये निबंध मागे घेण्यात आला.

याउलट ऑस्ट्रेलियातील डब्बो येथील अभ्यास अधिक बोधप्रद ठरला. तीन भिन्न जंतुसंसर्ग झालेल्या २५३ व्यक्तींचा त्यात पाठपुरावा करण्यात आला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सहा महिन्यांनंतर सुमारे १२ टक्के व्यक्तींचा थकवा कायम होता. मूळ आजाराची तीव्रता हा त्याचा प्रमुख निदर्शक ठरला. पूर्वीचे मानसिक आजार नव्हेत. जंतू निराळे, परिणाम एकच. म्हणून कारण शरीराच्या प्रतिसादात शोधावे लागते. २०२० नंतरच्या दीर्घ कोविडने याच दिशेला बळ दिले. आज प्रतिकारशक्ती, स्वायत्त मज्जासंस्था आणि पेशींतील ऊर्जानिर्मिती या तीन अंगांनी संशोधन चालू आहे. निश्चित निदान करणारी एकच चाचणी मात्र उपलब्ध नाही.

गोव्यातील पाहणी

भारतीय संदर्भात २००५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेली गोव्यातील पाहणी महत्त्वाची आहे. १८ ते ५० वयोगटातील २,४९४ स्त्रियांपैकी १२.१ टक्के स्त्रियांनी सहा महिने वा अधिक काळ टिकलेल्या थकव्याची तक्रार केली. रक्तक्षयाशी तिचा संबंध आढळला नाही. कमी शिक्षण, कुटुंबावरील कर्ज, मानसिक अस्वास्थ्य आणि पतीकडून होणारी लैंगिक हिंसा यांच्याशी तो आढळला. ही पाहणी थकव्याच्या तक्रारीची होती, लक्षणसमूहाच्या निदानाची नव्हे, हे भान ठेवणे आवश्यक आहे. तथापि लोहाच्या गोळ्या दिल्या की प्रश्न संपला, या समजाला तिने छेद दिला.

पूर्व विदर्भाचा संदर्भ

दीर्घकालीन थकवा लक्षणसमूहाचे निदान इतर कारणे वगळूनच करावे लागते. पूर्व विदर्भात ही कारणे अनेक आहेत. मध्य भारतातील सिकलसेल वाहकत्वाची नोंद शुक्ला व सोळंकी यांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केली. सिकलसेल, हिवताप, क्षयरोग आणि कुपोषणजन्य रक्तक्षय यांपैकी प्रत्येकाचे पहिले लक्षण थकवा असू शकते. येथील स्त्री त्याला ‘कमजोरी’ म्हणते. या एका शब्दाखाली उपचारयोग्य आजारही दडतात आणि अद्याप पुरता न उकललेलाही. पहिल्याची तपासणी न होणे आणि दुसऱ्यास आळस ठरविणे, ही दोन्ही उपेक्षेचीच रूपे होत.

समारोप

ज्या रुग्णालयाशी विल्स यांचे नाव निगडित होते, तेथीलच आजारी स्त्रियांना पुढे उन्मादग्रस्त ठरविण्यात आले, हा इतिहासातील विरोधाभास होय. २०१५ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने हा गंभीर, सर्वांगावर परिणाम करणारा आजार असल्याचे नमूद केले. २०२१ मध्ये ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने क्रमाक्रमाने व्यायाम वाढविण्याची जुनी शिफारस मागे घेतली. तक्रार आधी ऐकावी, शरीर तपासावे आणि उत्तर न मिळाल्यास रुग्णास नव्हे तर स्वतःच्या ज्ञानाला अपुरे मानावे, हा या इतिहासाचा धडा आहे. आपल्या विद्यार्थिनींपैकी एखादी सतत थकलेली दिसते, तेव्हा महाविद्यालयीन शिक्षकांनाही तो तितकाच लागू आहे.