वहिवाट आणि भ्रमणवाट : सातारा-सांगलीच्या वनांतील पायवाटांचा ऐतिहासिक विचार

सह्याद्रीच्या इतिहासात किल्ले, लढाया आणि घाटमार्ग यांचा विचार विपुल झाला. त्यांना जोडणाऱ्या पायवाटा मात्र तुलनेने दुर्लक्षित राहिल्या. आज सातारा व सांगली जिल्ह्यांच्या पश्चिम भागातील वनांत पर्यटक ज्या वाटांनी चालतात, त्यांपैकी बहुतेक वाटा हौसेसाठी पडलेल्या नाहीत. त्या पहारेकऱ्यांच्या, गुराख्यांच्या, देवदर्शनाच्या आणि कोकणाशी चालणाऱ्या देवघेवीच्या वाटा होत्या. हा पूर्वीचा वापर थांबला किंवा थांबविला गेला, त्यानंतर त्यांना भ्रमणवाटांचे रूप आले. या स्थित्यंतराचा विचार प्रस्तुत लेखात मुख्यतः वासोट्याच्या आधारे केला आहे.

याला ठळक अपवाद महाबळेश्वरचा. १८२४ मध्ये पीटर लॉडविक हा इंग्रज अधिकारी या पठारावर आला. पुढे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२९ मध्ये सातारचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याशी करार करून येथील जागा मिळविली आणि त्या बदल्यात वाईकडील खंडाळा हे गाव दिले. माल्कमपेठ वसली ती थंड हवेसाठी. त्यामुळे कड्यांकडे जाणारे रस्ते व पायवाटा प्रारंभापासूनच फिरावयास जाणाऱ्यांच्या सोयीने काढल्या गेल्या. लॉडविक, आर्थर, एल्फिन्स्टन अशी साहेबांची नावे कड्यांना मिळाली आणि 'पॉइंट' हा शब्द मराठीत रुळला. रानात शिरण्यापेक्षा रानाच्या काठावर उभे राहून दरी पाहणे, ही दृष्टीही याच काळात येथे स्थिरावली.

वासोट्याची वाट निराळी आहे. व्याघ्रगड या नावानेही ओळखला जाणारा हा किल्ला कोयनेच्या खोऱ्यात, कोकणात कोसळणाऱ्या कड्याच्या माथ्यावर उभा आहे. दुर्गमतेमुळे त्याचा उपयोग बंदिवासासाठी होई. पेशवाईच्या अखेरीस छत्रपतींच्या परिवारातील मंडळी आणि हंटर व मॉरिसन हे दोन इंग्रज अधिकारी येथे अटकेत होते. एप्रिल १८१८ मध्ये जनरल प्रित्झलरच्या फौजेने तोफांचा मारा केल्यावर किल्ला शरण आला व त्यांची सुटका झाली. किल्ल्याच्या पायथ्याच्या मेट इंदवली या गावाचे नाव या संदर्भात पुष्कळ सांगून जाते. 'मेट' म्हणजे गडाच्या परिसरातील पहाऱ्याची वस्ती. म्हणजे ही वाट चढणाऱ्याला अडविण्यासाठीच राखलेली होती.

पहारा गेला, तरी वाट मोडली नाही. गावे होती, गुरे होती, खाली कोकणात नातीगोती होती. १८७८ च्या वन कायद्याने राखीव वनांची व्यवस्था पक्की केली, तेव्हा वहिवाटीचा प्रश्न सरकारदफ्तरी आला. १९२७ च्या कायद्याच्या कलम २५ अन्वये राखीव वनातील सार्वजनिक वा खाजगी वाट राज्य सरकारच्या मंजुरीने बंद करण्याचा अधिकार वनाधिकाऱ्यास मिळाला. अट एवढीच, की सोयीस्कर पर्यायी वाट उपलब्ध असावी. वाट अडविण्याचा अधिकार अशा रीतीने मेटावरून दफ्तरात गेला, असे म्हणावयास हरकत नाही.

खरा खंड पडला तो कोयना धरणाने. १९६० च्या दशकात शिवसागर जलाशयाने खोऱ्यातील गावे, शेते आणि त्यांना जोडणारे रस्ते पोटात घेतले. बामणोलीहून वासोट्यास आज होडीने जावे लागते. ही होडीची सफर पर्यटकांना सहलीचा सर्वांत रम्य भाग वाटते. परंतु तिचे कारण खालचा रस्ता बुडाला हेच आहे. १९८५ मध्ये ४२३.५५ चौ. कि.मी. क्षेत्राचे कोयना अभयारण्य घोषित झाले आणि २०१० मध्ये चांदोलीसह ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट झाले. मेट इंदवलीची वस्ती उठली. तेथे आता वनखात्याकडे नोंद करून वर चढावे लागते आणि दिवस मावळण्यापूर्वी परतावे लागते.

सांगली जिल्ह्याच्या शिराळा तालुक्याकडील चांदोलीची कथाही याच वळणाची. १९८५ चे अभयारण्य, २००४ चे राष्ट्रीय उद्यान, क्षेत्र ३१७.६७ चौ. कि.मी.; वारणेवर धरण आणि गावांचे विस्थापन. झोळंबी हे त्या उठलेल्या गावांपैकी एक. आज 'झोळंबीचा सडा' हे पर्यटकांना दाखविले जाणारे ठिकाण आहे. गाव गेले, त्याचे नाव प्रेक्षणीय स्थळास उरले. वन्यजीवांच्या दृष्टीने हे क्षेत्र निर्मनुष्य असणे आवश्यक होते, हे मान्य करावेच लागेल. तेथील अरण्याची आजची समृद्धी त्यामुळेच शक्य झाली. मात्र ज्यांच्या पायांनी वाटा घडल्या त्यांचा उल्लेख पर्यटनविषयक साहित्यात क्वचितच आढळतो.

येथे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील एक तपशील लक्षणीय आहे. अभयारण्यात प्रवेशाचा परवाना कोणत्या कारणांसाठी द्यावा, हे कलम २८ सांगते. वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन, पर्यटन आणि आतील रहिवाशांशी कायदेशीर व्यवहार, अशी ती कारणे आहेत. पर्यटनाचा निर्देश स्पष्ट आहे, देवदर्शनाचा स्वतंत्र निर्देश नाही. वासोट्याजवळच्या गुहेत नागेश्वराचे स्थान आहे. महाशिवरात्रीला कोकणातील चोरवणेच्या बाजूने घाट चढून तेथे जाण्याची भाविकांची परंपरा जुनी आहे. बामणोलीकडून येणारा पर्यटक आणि चोरवणेकडून येणारा भाविक एकाच रानात शिरतात. कायद्याच्या यादीत पहिल्याला नाव आहे, दुसऱ्याजवळ आहे ती वहिवाट.