माहूरच्या तटावरून पलीकडे

माहूरचा रामगड मुळात कुणी बांधला, हा माग गोंड राजांपर्यंत जातो आणि तिथे धूसर होतो. कशासाठी बांधला, हे मात्र तटावर उभं राहिलं की विचारावं लागत नाही. डोंगराला तीन बाजूंनी पैनगंगेचा वेढा आणि नदीपल्याड वऱ्हाड. नदी उतरून कोण येतंय, यावर इथून नजर ठेवायची.

मला कुतूहल आहे ते पलीकडे कोण होतं याचं. तो शेजारी सारखा बदलत गेला.

बहमनी वजीर महमूद गावाननं १४८० च्या सुमारास चार तर्फांच्या, म्हणजे प्रांतांच्या, आठ केल्या. त्यात वऱ्हाडाचे दोन तुकडे पडले, गाविलगड आणि माहूर. म्हणजे नजर ठेवायची ती दुसऱ्या तर्फदारावर! पुढे इमादशाहीनं माहूर गिळलं, मोगलांनी वऱ्हाड सुभ्यात माहूरचं सरकार केलं आणि दोन्ही काठ एकाच दफ्तरात आले. १६२३ साली बापावर उलटलेला शहाजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शहाजहान, हत्ती आणि जड सामान माहूरला उदाराम देशमुखांच्या भरवशावर टाकून गोवळकोंड्याच्या वाटेनं निघून गेला. याच घराण्यातली रायबागन १६६१ मध्ये उंबरखिंडीत मोगल सरदार कारतलबखानाबरोबर शिवाजी महाराजांच्या कोंडीत सापडली. एवढ्या मोकळ्या मुलखावर नजर ठेवणाऱ्या घरची बाई, अडकली ती एका अरुंद खिंडीत.

खरी सीमा आली १८५३ मध्ये. निजामानं वऱ्हाड कंपनीच्या हवाली केलं. अलीकडे निजामाचा मुलूख, पलीकडे इंग्रजी अंमल, मध्ये पैनगंगा. किनवट तालुका आणि त्यातलं माहूर पुढे आदिलाबाद जिल्ह्यात मोडू लागलं. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट नांदेडला जोडला गेला आणि सीमा नदीवरून उठून गडाच्या पाठीमागे जाऊन बसली. आज यवतमाळकडून धनोड्याचा पूल ओलांडणाऱ्याला आपण काही ओलांडलं असं वाटत नाही. आदिलाबादहून येणारा मात्र परराज्यातून येतो, आणि पुष्कळदा मराठी बोलतच येतो.

माहूरच्या रेणुकादेवीला या वाटण्यांशी कर्तव्य नव्हतं. साडेतीन पीठांतलं हे ठाणं. नवरात्रात रांगेत मराठीइतकीच तेलुगू कानावर पडते. खलबत्त्यात पानं, सुपारी, कात कुटण्याचा ठकठक आवाज पायऱ्यांवरच सुरू होतो. ओलसर, लालभडक तांबूल तळहातावर पडतो आणि बोटं दिवसभर रंगलेली राहतात. बहुतेक मंडळी दर्शन आटोपून दत्तशिखराकडे वळतात. गडाच्या वाट्याला उरलासुरला वेळ येतो. हे मला अन्यायाचं वाटतं.

जायचं तर पावसाळा ओसरता ओसरता जावं. उन्हाळ्यात पैनगंगेचं पात्र आटतं, आणि एवढ्याशा पाण्यावर दोन राज्यं शंभर वर्षं अडून राहिली हे पटत नाही.