बहुपुटीय अंडकोश लक्षणसमूह आणि इन्शुलीनरोध

स्त्रीच्या अंडकोशांत (स्त्रीबीजे तयार करणाऱ्या ग्रंथींत) पूर्ण वाढ न झालेली अनेक लहान पुटके साठणे, ऋतुस्राव अनियमित होणे आणि पुरुषी हॉर्मोनांचे प्रमाण वाढल्यामुळे चेहऱ्यावर राठ केस येणे, या लक्षणांच्या समूहास हे नाव आहे. ‘पीसीओएस’ या आद्याक्षरांनी तो अधिक परिचित आहे. २००३ मध्ये रॉटरडॅम येथील परिषदेत ठरलेल्या निकषांनुसार, इतर विकार वगळल्यानंतर, तिन्हींपैकी दोन लक्षणे निदानास पुरेशी मानली जातात. मात्र विकाराचे मूळ पुष्कळदा अंडकोशाबाहेर असते. शरीरातील पेशी इन्शुलिनास पुरेसा प्रतिसाद देईनाशा झाल्या म्हणजे स्वादुपिंड ते अधिक स्रवू लागते. हे वाढीव इन्शुलीन अंडकोशास पुरुषी हॉर्मोने निर्माण करण्यास उत्तेजन देते. तसेच ती हॉर्मोने बांधून ठेवणारे यकृतातील प्रथिन कमी करते. परिणामी स्त्रीबीज पक्व होत नाही आणि पाळी लांबते.

हा संबंध ध्यानात येण्यास जवळजवळ साठ वर्षे लागली. टोराँटो येथे इन्शुलिनाचा शोध लागला त्याच वर्षी, म्हणजे १९२१ मध्ये, आशार व तिएर या फ्रेंच वैद्यांनी दाढी असलेल्या स्त्रियांतील मधुमेहाचे वर्णन केले होते. पण ते एक कुतूहल म्हणूनच राहिले. १९३५ मध्ये स्टाइन व लेव्हेंथाल यांनी शिकागोत सात स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. अंडकोशाचा पाचरीसारखा तुकडा कापून काढल्यावर त्यांची पाळी सुरू झाली, म्हणून पुढे कित्येक वर्षे या विकारावर शस्त्रक्रिया हाच मुख्य उपाय समजला गेला. यॅलो व बर्सन यांनी १९६० मध्ये रक्तातील इन्शुलीन मोजण्याची किरणोत्सर्गी पद्धत प्रसिद्ध केली. अशा मोजणीच्या आधारे बर्गन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये या स्त्रियांच्या रक्तात इन्शुलीन वाढलेले असल्याचे दाखवून दिले. १९८९ मध्ये आंद्रेआ ड्यूनाइफ यांच्या संशोधनातून, हा रोध केवळ लठ्ठपणामुळे नसतो, हेही स्पष्ट झाले.

महाराष्ट्राच्या दृष्टीने हा शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकातील रुग्ण स्थूल असते. येथील पुष्कळदा सडपातळ असते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक यांनी जवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून गर्भवती स्त्रिया व त्यांची अपत्ये यांचा अभ्यास केला. तेथील नवजात अर्भकांचे सरासरी वजन सु. २·७ किग्रॅ., तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथील अर्भकांचे सु. ३·५ किग्रॅ. होते, परंतु वजनाच्या मानाने पुण्याकडील अर्भकांच्या त्वचेखालील चरबी फारशी कमी नव्हती. २००४ मध्ये याज्ञिक व लंडनचे जॉन युडकिन यांनी स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली : उंचीच्या प्रमाणातील वजनाचा निर्देशांक दोघांचा २२·३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९·१ टक्के आणि याज्ञिकांची २१·२ टक्के. वजनकाटा जे सांगत नाही ते त्या दोन आकड्यांनी सांगितले.

हीच गोष्ट मुंबईतील मुलींत आढळली. परळ येथील प्रजननविषयक राष्ट्रीय संशोधन संस्थेच्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सर्व तपासण्या पूर्ण झालेल्या ६०० मुलींपैकी २२·५ टक्के मुलींत रॉटरडॅम निकषांनुसार हा विकार होता. त्यांतील ७१·८ टक्के लठ्ठ नव्हत्या. अधिक कडक निकषांनुसार हे प्रमाण १०·७ टक्के भरले.

महानगरातील हे आकडे हिंगोलीसारख्या जिल्ह्यास जसेच्या तसे लावता येणार नाहीत. १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झालेला हा जिल्हा कापूस, सोयाबीन व हळद पिकविणारा आहे. शेतात राबणाऱ्या कृश बाईच्या चुकलेल्या पाळीचा संबंध मधुमेहाशी असू शकेल, हे घरच्यांच्याच नव्हे तर कधी कधी वैद्याच्याही मनात येत नाही. विवाहानंतर मूल झाले नाही म्हणजे मग तपासणी होते, आणि तोवर दोष तिच्या माथी बसलेला असतो. वस्तुतः यासाठी इन्शुलिनाची खर्चिक मोजणी आवश्यक नाही. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेनुसार ती नित्याची तपासणी नव्हे. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्तशर्करा पाहणे ही चाचणी श्रेयस्कर होय.

उपचारांत १९९४ पासून मेटफॉर्मिनास स्थान मिळाले. त्या वर्षी व्हेनेझुएलातील वैद्यांनी या मधुमेहावरील औषधाचा येथे उपयोग दाखविला, आणि त्यापासून फार मोठ्या अपेक्षा बाळगल्या गेल्या. अमेरिकेत ६२६ स्त्रियांवर झालेल्या व २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने त्यांना आवर घातला : जिवंत अपत्यजन्माचे प्रमाण क्लोमिफेनाने २२·५ टक्के, तर केवळ मेटफॉर्मिनाने ७·२ टक्के होते. अपत्यप्राप्तीसाठी आता लेट्रोझोल प्रथम देतात. मेटफॉर्मिनाचे मुख्य कार्य रक्तशर्करा व चयापचय सांभाळण्याचे राहिले. स्थूल स्त्रीस थोडे वजन घटविल्यानेही लाभ होतो. सडपातळ स्त्रीस तोच सल्ला देणे निरर्थक, क्वचित अपायकारकही ठरते. तिला नियमित व्यायाम, पुरेशी प्रथिने व साखरेवर नियंत्रण यांचा उपयोग अधिक. कोणताही एक विशिष्ट आहार इतरांपेक्षा सरस असल्याचे सिद्ध झालेले नाही. त्यामुळे ज्वारीची भाकरी, वरण व पालेभाजी सोडून जाहिरातीतील चूर्णांवर पैसे घालविण्याचे कारण नाही. अपत्य झाल्यानंतरही मधुमेहाचा धोका टळत नसल्याने रक्तशर्करेची तपासणी दर एक ते तीन वर्षांनी करीत राहावी लागते.